वाघिणीचा माणूस

१ डिसेंबर १९९७, सोमवार

हे आज कायमचे घरी आले.

दुपारच्या एसटीने नाक्यावर उतरले. एक ट्रंक, एक वळकटी आणि निरोपाच्या शाल-नारळाची पिशवी. मी बालवाडी लवकर सोडून उभी होते. एकतीस वर्षं हा माणूस गणपतीला आला, शिमग्याला आला, नाहीतर घरात कुणी गेलं तर आला. मुंबईला राणीच्या बागेत वाघाच्या पिंजऱ्यावर नोकरी. तिथंच एका खोलीत चौघा-पाचजणांबरोबर राहायचे. मी इथे रोह्याच्या बाजूला सासूसासऱ्यांचं शेवटपर्यंत केलं, शेत आणि पुढे बालवाडी सांभाळून राहिले. दर वेळी ते उतरायचे तेव्हा परतीचा दिवस ठरलेला असायचा. आज नव्हता. त्यामुळे काय बोलावं तेच सुचेना. म्हटलं, "दमलात?" म्हणाले, "नाय."

वालाचं बिरडं केलं होतं, त्यांना आवडतं म्हणून. जेवले, पण छान झालंय असं म्हणाले नाहीत. मी पान घेऊन बसले तर उठून दारात गेले आणि माझ्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसले. "आत बसा की." "तू जेव. मी हाय हितंच." पहिल्याच दिवशी माणूस पाठ करून बसला तर घास कसा उतरणार? पण उतरला. भूक लागली होती.

४ डिसेंबर

पहाटे उठतात. उठल्याबरोबर पिण्याच्या पाण्याचा हंडा ओततात, घासतात आणि ताजं भरून ठेवतात. माझं पाणी इतकी वर्षं काय शिळं होतं? सांगून पाहिलं. "व्हय," म्हणाले आणि आज पुन्हा ओतला.

स्वयंपाकघरात यायच्या आधी बाहेरून खाकरतात. मागून तर कधीच येत नाहीत. वळसा घालून बाजूने येतात. आपल्याच घरात पाहुण्यासारखं.

दुपारी मी धान्य पाखडत होते तर म्हणाले, "डावा पाय जपून टाकतेस. टाच दुखतेय काय?" दुखते, गेले दोन महिने. कुणाला बोलले नव्हते. मी पाय आत ओढून घेतला. बावन्नाव्या वर्षी नवऱ्याला टाच दाखवायची लाज वाटली.

१४ डिसेंबर, रविवार

नम्रता आली. पेणला मामाकडे राहून डी.एड. करते. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर झालेली ही एकुलती एक पोर. बापाशी बोलते, पण परक्या माणसाशी बोलावं तसं जपून.

आज जेवताना त्यांनी ट्रंकेतून एक फोटो काढून तिला दाखवला. हे तरुण, मांडीवर वाघाचं पिल्लू, हातात दुधाची बाटली. "ही हौसा. आईनं जवळ केली नाय तिला. मग मीच वाढवली."

नम्रताने फोटो नीट पाहिला. "हे कधीचं, बाबा?"

"तू झालीस त्याच थंडीतलं."

तिने फोटो खाली ठेवला. मी आमटी वाढायला उठले. नम्रता तीन महिन्यांची झाली तेव्हा ह्यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं. तार गेली होती. उत्तर आलं होतं की पिल्लू दर दोन तासांनी दूध मागतं, सुटी नाही. सासूबाईंनी ते उत्तर वाडीभर सांगितलं होतं आणि लोक हसले होते. मीही हसले होते.

जेवण झाल्यावर नम्रताच म्हणाली, "आमच्या सरांनी आम्हाला फणसाडच्या अभयारण्यात नेलं होतं. शेकरू पाहिलं झाडावर. भेकर ओरडलं, नुसता आवाज ऐकला, पण अंगावर काटा आला. जनावर असं बघावं. तुमच्या बागेत लोक काय बघायचे बाबा? गजाआड फेऱ्या मारणारं जनावर?"

"व्हय. फेऱ्या मारायची."

"मग तुम्हाला कधी वाटलं नाही, सोडून द्यावं म्हणून?"

"सोडून जाईल कुठं? तिला रान म्हायतीच नाय."

"कुणी माहीत होऊ दिलं नाही म्हणून."

ह्यांनी हात पुसले. मग फोटो पदरात घ्यावा तसा सदऱ्याच्या आत घातला. मला नम्रताचं बरोबर वाटलं आणि ते तिला सांगायलाही आवडलं असतं. सांगितलं नाही.

९ जानेवारी १९९८

बालवाडीत भिंतीवरचा प्राण्यांचा तक्ता शिकवताना वाटलं, घरात वाघवाला असताना तक्ता कशाला. ह्यांना बोलावलं. पोरं हरखली. "आजोबा, वाघाचा आवाज काढा."

हे खाली मांडी घालून बसले, ओठ मिटले आणि नाकातून हळूच हवा सोडली. फुर्र, फुर्र, फुर्र. घोडा करतो तसं, पण खूप मऊ. म्हणाले, "वाघाला आपलं माणूस दिसलं की वाघ असं करतो."

पोरांना पटलं नाही. शेजारच्या गोदूबाईचा नातू म्हणाला, "हा वाघ नाय. वाघ डरकाळी फोडतो." मग माझ्या आग्रहाखातर त्यांनी डरकाळीही काढली. पोरं किंचाळली, खूश झाली. हे मात्र लगेच उठून चपला घालायला लागले.

१७ जानेवारी

शेतात पोपटी लावली. वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्डीचा पाला, मडकं पालथं घालून भोवती जाळ. सगळी वाडी जमली होती. ह्यांनी मडक्यातली सगळ्यात भरलेली शेंग शोधून माझ्या हातावर ठेवली आणि लगेच दुसरीकडे बघायला लागले. गोदूबाई शेजारीच होती. "सगुणे, तुझा माणूस तुला भितो काय गो?" सगळ्या हसल्या. घरी येऊन मी विचार केला. भितात असं नाही वाटत. पण मग काय, ते कळत नाही.

२२ जानेवारी

संध्याकाळी नाक्यावरच्या एसटीडीवाल्याने मुलगा पाठवला. मुंबईहून फोन. ह्यांच्या जागी आता महिपती आहे, पेणचा, ह्यांच्या हाताखाली तयार झालेला. म्हणाला, हौसाने खाणं टाकलंय. पाण्यालाही जेमतेम तोंड लावते.

हे फोनवरून आले ते पिशवी भरायलाच लागले. मी म्हटलं, "नोकरी संपली तुमची." "व्हय." "मग?" "मग काय. जेवत नाय ती."

गोदूबाई दारातूनच म्हणाली, "सवत बोलावते वाटतं." ती चेष्टेने बोलली. मी भाकऱ्या बांधून दिल्या.

२७ जानेवारी

दोन दिवसांत येतो म्हणून गेले ते आज आले. चेहरा उजळलेला. हौसा जेवली म्हणाले. मी भात वाढला.

नम्रताही आली होती, सव्वीस जानेवारीची सुटी जोडून. तिने विचारलं, "काय केलंत तुम्ही? महिपतीकाकांना का नाही जमलं?"

"महिपती तोंडाकडं बघत बसतो. जेवते का, जेवते का. म्हातारं जनावर हाय, त्याला लाज असते. घास ठेवायचा, आपण दारात बसायचं, पाठ करून. आपण हाय हे तिला कळलं पायजे, पण आपली नजर तिच्यावर नको. मग खाते." मग म्हणाले, "पाणी रोज नवं. मागनं जायचं नाय, आधी आवाज द्यायचा. आनि पाय बघायचे. जनावर दुखणं सांगत नाय, चालीत दिसतं."

नम्रता ऐकता ऐकता माझ्याकडे बघत होती. एकटक. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाली, "काही नाही, आई." आणि उगाच हसली. शिकलेल्या पोरींचं काही कळत नाही. मी पाच दिवस एकटी जेवले, ते मात्र कुणी विचारलं नाही, हे मी मनात म्हटलं. खरं तर आल्या आल्या त्यांनी तेच विचारलं होतं. "जेवलीस?" पण ते सगळेच विचारतात.

८ फेब्रुवारी

महिपतीचा पुन्हा फोन. ह्या वेळी मीही नाक्यावर गेले होते. महिपती मोठ्याने बोलतो, सगळं ऐकू आलं.

"काका, राग मानू नका. तुम्ही येऊन गेलात आणि मग ती तीन दिवस फाटकाकडं तोंड करून उभी होती. खाणं परत टाकलं. तुम्ही आलात की जेवते, गेलात की मरायला टेकते. तुम्ही काय रोज येणार? तिला माझी सवय होऊ द्या. येऊ नका, काका."

हे म्हणाले, "व्हय." मग बराच वेळ रिसीव्हर कानाला तसाच. पलीकडून फोन ठेवलेलाही त्यांना कळला नाही. एसटीडीवाल्याने हळूच काढून घेतला.

वाटेत मी म्हटलं, "बरोबर बोलला तो."

"बरोबरच हाय."

मला बरं वाटायला हवं होतं. आता हे कुठे जाणार नाहीत. बरं वाटलं नाही.

२ मार्च

लिहिण्यासारखं काही नाही. हे रोज पाचच्या सुमाराला नाक्यावर जातात, एसटीडीच्या बाकावर बसतात, दिवेलागणीला परत येतात. फोन करत नाहीत. येईल म्हणून बसतात. सदरे गळ्याशी ढिले झालेत.

माझ्या टाचेला मात्र आराम आहे. ह्यांनी नागोठण्याहून कसलंसं तेल आणून दिलं होतं. रात्री ते स्वतः चोळून द्यायला बसले होते. मी नको म्हटलं. बाटली घेतली आणि माझी मीच चोळली.

१३ मार्च

शिमगा. पूर्वी ह्या दिवसाची वर्षभर वाट बघायचे मी. पालखी आली, सगळे नाचले. हे होळीपाशी उभे होते, गर्दीच्या मागे. मी लांबून बघत होते. पूर्वी चार दिवसांसाठी यायचे तेव्हा असे नसायचे. बोलायचे, हसायचे, पोरांना खाऊ वाटायचे. आता वाटतं, चार दिवसांचा जो माणूस यायचा तोच माझा होता. हा कायमचा आलेला दुसऱ्या कुणाचातरी आहे. असं लिहू नये. लिहिलं.

५ एप्रिल

नम्रता आली ती ठरवूनच. "बाबांना फणसाडला न्यायचं. सरांनी परवानगी काढलीय. खरं जनावर बघितलं की पिंजऱ्यातलं विसरतील."

मी म्हटलं, "तुझ्याने होईल का ते?"

"तूही येतेस."

मी कधी जंगलात जनावर बघायला गेले नाही. लहानपणी लाकडांना जायचो तेव्हा जनावर दिसू नये असंच मनात असायचं.

१२ एप्रिल, रविवार. सुपेगाव

इथे शाळेच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. उद्यापर्यंत थांबले तर काही सुटेल अशी भीती वाटते.

रोह्याहून एसटीने घाट चढून सुपेगावला उतरलो. रखवालदार सखा घ्यायला आला होता. त्याच्या मागून चालत गेलो. उन्हाळ्याने पानं वाळलेली, पायाखाली इतका आवाज की जंगलातलं सगळं आधीच उठून गेलं असेल असं वाटलं. इथे पाणवठ्याला गाण म्हणतात. गाणीच्या काठाला फांद्यांचा आडोसा केला होता, त्यात तिघांनी बसायचं. सखा म्हणाला, "बोलायचं नाय, खोकायचं नाय. आलं तर आलं. नाय आलं तर त्याची मर्जी."

ऊन कलेपर्यंत काहीच नाही. माकडं आली, पाणी पिऊन गेली. मोर आला. एक सांबर काठापर्यंत येऊन थांबलं, कान फिरवले आणि न पिताच माघारी गेलं. नम्रताने माझा हात दाबला. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं तेव्हा एकाएकी पाखरं गप्प झाली.

तो कुठून आला ते मी पाहिलंच नाही. आधी नुसते दगड होते, मग त्यातला एक बिबट्या होता. पाण्याजवळ बसला, पुढचे पाय दुमडून, आणि प्यायला लागला. जिभेचा आवाज ऐकू येत होता. मी आयुष्यात इतकी गप्प कधी बसले नसेन. भीती नव्हती. ह्या डोंगराच्या एवढ्या जवळ आपण राहतो आणि हा इथे रोज संध्याकाळी पाणी पितो, कुणाला न विचारता, ह्याचंच नवल वाटत होतं. पिऊन झालं, त्याने मान वर केली आणि आमच्या आडोशाकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, नजर आमच्यावरून गेली. आम्ही झाड असतो तरी तशीच गेली असती. मग उठला आणि चालता झाला.

नम्रता रडत होती, आवाज न करता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे कोरडे होते. ओठ मिटलेले होते आणि नाकपुड्या किंचित हलत होत्या. आवाज काही केला नाही.

१३ एप्रिल

परतीच्या एसटीत नम्रताने विचारलं. तिला राहवेना. "बाबा, कसं वाटलं?"

"लय देखणा होता."

"मग?"

"मग काय. माझं तिथं काय काम नव्हतं."

ती हिरमुसली. पेणला जाणारी गाडी पकडायला ती रोह्याला थांबली. आम्ही दोघं घरी आलो. मी चहा ठेवला. हे पायरीवर बसले होते. आपण होऊन बोलले, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच एवढं.

"बघितलंस, पाणी कसं प्यायला? मागं बघितलं नाय, पुढं बघितलं नाय. हौसा तशी कधी प्यायली नाय. मी जवळ असलो तरच नीट पाण्याला तोंड लावायची. मी सगळ्यांना सांगायचो, बघा, हिची माझ्यावर किती माया. काल कळलं. माया होती. पण दुसरं होतं कोण तिला? चार भिंती आनि मी. जिला दुसरं कोणच नाय तिनं माया केली, त्यात माझी काय मोठी करामत?"

मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. "मलाही दुसरं कोण होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाठ न करता, सरळ. मग खाली पाहिलं. मला माझाच राग आला. म्हाताऱ्या, आजारी जनावराशी बरोबरी करायला निघाले होते.

२० मे

महिपतीचा फोन. हौसा आता त्याच्या हातून थोडं थोडं खाते, पण थकली आहे. मागचे पाय ओढते. डॉक्टर म्हणाले, वय झालं, थोडे दिवस. "काका, तुम्हाला कळवायला पायजे म्हणून कळवलं. काय करायचं ते तुम्ही बघा."

ह्यांनी रात्रीपर्यंत दोनदा पिशवी काढली आणि परत खुंटीला लावली. जाऊ की नको, विचारत नव्हते आणि ठरवतही नव्हते. मीच म्हटलं, "उद्या सकाळची गाडी आहे. मीही येते."

"तू?"

इतक्या वर्षांत त्यांनी एकदाच म्हटलं होतं, चल, दाखवतो हौसाला. तेव्हा मी म्हटलं होतं, सवतीला बघायला मी गाडीभाडं घालणार नाही.

२२ मे

काल जाऊन आलो. भायखळ्याला माझ्या माहेरचे आहेत, त्यांच्याकडे राहिलो, आज परत.

बागेच्या फाटकावर ह्यांनी दोन तिकिटं काढली. फाटकावरचा माणूस म्हणाला, "काका, तुम्हाला कसलं तिकीट?" हे म्हणाले, "पाव्हणा हाय आता." सुट्यांमुळे पोरांची झुंबड. आत हे भराभर चालत होते, वाट डोळे मिटून ठाऊक असल्यासारखे. वाघाच्या पिंजऱ्याच्या अलीकडे एक मोठं झाड आहे, तिथं येऊन थांबले. झाडाच्या आड.

"चला की पुढं."

"नको. महिपतीच्या हातनं खाते आता. मी दिसलो की परत बंद. तू जा. बघ आनि मला सांग."

"एवढ्या लांबून आलात तुम्ही."

"जा गो."

मी गर्दीतून कठड्यापर्यंत गेले. पोरं ओरडत होती, "झोपलाय. उठ की." एक माणूस टाळ्या वाजवत होता. आत सावलीत ती पडली होती. मला वाटली होती त्याहून लहान. कंबरेची हाडं वर आलेली, एका डोळ्यावर निळसर पडदा. पोट श्वासाबरोबर हळू वरखाली होत होतं. फणसाडचा बिबट्या आठवला. तो बघताना मी स्वतःला विसरले होते. इथे उभी राहिल्यावर मला सगळं माझंच आठवायला लागलं. जिच्याशी मी मनात एवढी वर्षं भांडले ती ही. हिला माझ्याबद्दल काही ठाऊकसुद्धा नव्हतं.

लोक पुढच्या पिंजऱ्याकडे सरकले. माझ्याजवळ दोन-तीन पोरं उरली. मी हळूच म्हटलं, "हौसा. कशी हायस गो?"

कान वळला. नुसता कान.

"तुझा माणूस बरा हाय," मी म्हटलं. "जेवतो. मी बघते त्याच्याकडं."

तिने डोकं उचललं. ज्या डोळ्याने दिसत असेल तो माझ्याकडे नव्हताच. नाक उचललं, हवेत धरलं, बराच वेळ धरलं. मग तो आवाज आला. फुर्र, फुर्र. इतका हळू की शेजारच्या पोराला कळलाही नसेल. मी बालवाडीत ऐकला होता, म्हणून ओळखला.

मी झाडाकडे गेले. "फुरफुरली," मी म्हटलं.

"कुणाला?"

"मला. तिथं दुसरं कोणी नव्हतं."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग पुढे झाले आणि माझ्या खांद्यावरचा पदर चिमटीत धरून नाकाशी नेला. भर बागेत, लोकांदेखत. "माझा वास हाय गो तुझ्या अंगाला," म्हणाले. मग झाडाच्या बुंध्याला हात लावून उभे राहिले आणि रडले. पाठ करून नाही.

४ जून

काल दुपारी हौसा गेली. महिपतीचा फोन आला तेव्हा हे नाक्यावर नव्हते, शेतात बांध घालत होते. निरोप मीच शेतावर जाऊन दिला. "बरं झालं," म्हणाले. हातातलं घमेलं रिकामं करून मगच खाली ठेवलं. नम्रताला पेणला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, मी येते. रविवारी येईल. "बाबांना एकटं सोडू नकोस," म्हणाली. जणू मी सोडणारच होते.

आज दिवेलागणीला मी चुलीवर भात टाकला होता. हे खाकरले नाहीत, तसेच आत आले आणि चुलीजवळच्या पाटावर बसले. जाळाकडे बघत होते.

"तू ह्या वक्ताला काय करायचीस गो?" म्हणाले.

"कुठल्या?"

"हाच. दिवे लागायचा. बागेत ह्या वक्ताला लोक जायचे, फाटक लागायचं. मग मी आनि ती. एवढी वर्षं झाली, कधी मनात आलं नाय, तू ह्या वक्ताला काय करत असशील."

"काय करणार. भात टाकत होते."

"तेच सांग."

मला हसू आलं. भात टाकण्यात सांगण्यासारखं काय असतं? पण ते उठेनात. बघतच राहिले. मग मी सुरुवात केली. लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि ते पहिल्यांदा मुंबईला गेले, त्या दिवसापासून. त्या संध्याकाळी सासूबाईंनी सवयीने चौघांचा भात घेतला आणि मग एक मूठ परत डब्यात टाकली, ते. सासऱ्यांची काठी, कर्जतच्या नणंदेचं बाळंतपण, पूर आला तेव्हा कोंबड्या माळ्यावर नेल्या ते. नदीवरून येताना मी दर वेळी नाक्याच्या बाजूने यायचे, लांब पडतं तरी. कशाला, ते विचारू नका, म्हटलं. ते म्हणाले, नाय विचारत.

नम्रताच्या जन्मापर्यंतसुद्धा पोचले नव्हते तेव्हा भात करपल्याचा वास आला. मी उठायला लागले.

"राहू दे," म्हणाले. "पुढं सांग."